ठमाआत्याचा खोकला आणि शंभर टक्के अचूक पाटी

एका जंगलात एक कचेरी होती.

हसू नका, मुलांनो. जंगलातही कचेरी असते. आणि मागच्या रांगेतली जी मुलं आहेत, ज्यांचे केस पिकलेत आणि ज्यांच्या खिशात आत्ता काहीतरी थरथरलं, त्यांनीही नीट बसा. गोष्ट संपेपर्यंत खिशात हात घालायचा नाही. तेवढ्यात काही बुडत नाही.

तर ही कचेरी एका उंच ऐनाच्या झाडावर होती. काळ्या तोंडाच्या वानरांनी ती काढली होती. काम एकच. वाघ दिसला की ओरडायचं.

तुम्ही म्हणाल, ओरडायला कचेरी कशाला हवी? पण ओरडणं सोपं असतं. अवघड असतं ते ओरडायची वेळ येईपर्यंत बघत बसणं. झाडाच्या अगदी शेंड्यावर बसावं लागतं. तिथे ऊन लागतं, वारा लागतो, पेंग येते. दिवसचे दिवस काहीच घडत नाही. जिथे काहीच घडत नाही तिथे डोळे लावून बसणं फार कठीण. तुमच्या शाळेतल्या परीक्षेच्या वेळी वर्गात फेऱ्या मारणाऱ्या बाईंना विचारा.

झाडाखाली पाणवठा होता. चितळांचा कळप तिथे पाणी प्यायला येई. चितळांना वास लांबून येतो, पण त्यांची नजर उंच गवतापलीकडे पोचत नाही. वानरांना वरून सगळं दिसतं, पण वासाच्या बाबतीत ती यथातथाच. म्हणून फार पूर्वी दोघांत ठरलं. वानरांनी वरून बघायचं, चितळांनी खालून हुंगायचं, आणि ज्याला आधी कळेल त्याने दुसऱ्याला सांगायचं. याचा कुठे कागद झाला नव्हता. तरी ते चालत होतं.

शेंड्याजवळ एक बेचकं होतं. त्यात ठमाआत्या बसायची. ठमाआत्या म्हणजे त्या टोळीतली सगळ्यात म्हातारी वानरी. तिच्या आधी तिथे तिची आई बसायची. दोघींनी बसून बसून ते बेचकं गुळगुळीत झालं होतं.

वाघ दिसला की आत्या खोकायची. एकदा खोकली तर शंका आहे. दोनदा खोकली तर वाघ आहे. तीनदा खोकली तर पळा. एवढीच तिची भाषा होती आणि सगळ्या जंगलाला ती कळत होती.

आता आत्या काही देव नव्हती. कधी वाळलेलं सागाचं पान पडायचं, आत्या तीनदा खोकायची आणि अख्खा कळप उधळायचा. मग चितळं धापा टाकत परत यायची आणि म्हणायची, "काय आत्या, आज पानाला मिशा फुटल्या होत्या का?"

"मला वाटलं, म्हणून खोकले," आत्या म्हणायची. "तुमचं काय गेलं? पाय मोकळे झाले."

सगळी हसायची आणि चरायला लागायची. कोणी मोजलं नाही.

कचेरीचे मुख्य होते बळवंतराव. हे ठमाआत्याच्या भावाचे चिरंजीव. आत्यानेच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आता ते साहेब झाले होते, त्यामुळे कामाच्या वेळेत ते तिला "ठमाबाई, आपण" म्हणायचे आणि फळं खायच्या वेळेत "आत्या, तू".

एके दिवशी झाडाखाली भारद्वाज आला.

भारद्वाज तुम्हाला माहीत आहे ना? तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, तुरुतुरु चालणारा. तो दिसला की दिवस चांगला जातो असं सगळे मानतात. त्यामुळे त्याला नुसतं दिसायचं असतं, पुढचं काम दिवस करतो. या एका गुणावर त्याने सात जंगलांत सल्लागारी केली होती.

"तुमचं नाव ऐकून आलो," भारद्वाज म्हणाला. "गेल्या वर्षी किती इशारे दिलेत?"

बळवंतरावांनी आत्याकडे बघितलं. आत्याने गवताकडे बघितलं, कारण ती कामावर होती.

"मोजले नाहीत रे बाबा," ती वरूनच म्हणाली. "दिसला तेव्हा खोकले."

"त्यातले बरोबर किती?"

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे आपण इशारा दिलात आणि वाघाने खरंच कुणाला तरी धरलं, असं किती वेळा झालं?"

"एकदाही नाही!" आत्या अभिमानाने म्हणाली.

भारद्वाजाने मान खाली घातली. एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायची असते तसे त्याने पंख मिटून घेतले. मग हळूच म्हणाला, "एकदाही नाही. म्हणजे अचूकता शून्य."

"अरे, मी खोकले म्हणून तर ती पळाली!"

"तो आपला अंदाज झाला, बाई. आम्हाला आकडे लागतात."

बळवंतरावांचं काळं तोंड आणखी काळं पडलं. इतकी वर्षं आपण शून्य टक्क्यांवर कचेरी चालवत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी भारद्वाजाला बोलावून घेतलं.

आठ दिवसांत नवी यंत्रणा बसली. तिचं नाव सर्वसावध. झाडांच्या बुंध्यांवर बारीक बारीक काचेचे डोळे लावले. प्रत्येक वानराला एक चकचकीत पाटी दिली. चितळांच्याही गळ्यात एकेक छोटी पाटी अडकवली. आता डोळे वाघाला बघणार, सर्वसावध विचार करणार आणि इशारा पाटीवर येणार.

"मुख्य म्हणजे," भारद्वाज म्हणाला, "ती स्वतःच्या चुकांमधून शिकते."

"वा!" बळवंतराव भारावून म्हणाले. "असं आमच्याकडे कोणीच नाही."

पाटीला रेंज लागायची. ती फक्त सगळ्यात खालच्या फांदीवर मिळायची. म्हणून सगळी वानरं शेंडा सोडून खाली येऊन बसली. काहींनी कळवलं की ती घरूनच काम करतील. त्यांची घरं दोन टेकड्यांपलीकडच्या आंब्यावर होती, तिथून पाणवठा दिसत नव्हता, पण पाटी स्वच्छ दिसायची.

रोज सकाळी मीटिंग सुरू झाली. आज आपण काय बघणार आहोत ते प्रत्येकाने सांगायचं. काल काय बघितलं तेही सांगायचं. बघण्यात काही अडचण येत असेल तर तीही सांगायची. एवढं सांगून होईपर्यंत चितळं पाणी पिऊन गेलेली असायची.

चितळांसाठी विचारपूस करायची सोयही होती. एकदा एका हरणीला करवंदीच्या जाळीत काहीतरी हललेलं दिसलं. तिने पाटीला विचारलं, "वाघ आहे का हो?"

पाटी म्हणाली, "आपला जीव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण रांगेत सातव्या आहात. कृपया जागेवरून हलू नये."

बिचारी जागेवरून हलली नाही. नशीब, जाळीत मोर होता.

आणि आत्या? आत्याला काढून टाकलं असं समजू नका. कचेरी अशी कृतघ्न नसते. तिच्यासाठी एक वेगळा विभागच काढला. अनुभव विभाग. त्यात ती एकटी होती. तिने पाटीपुढे बसून खोकायचं आणि सर्वसावधने ते साठवून घ्यायचं. हळू खोका. जोरात खोका. शंकेचा खोका. खात्रीचा खोका. वाघ डावीकडे असता तर कसं खोकला असता, तसं खोका. आत्या चार दिवस खोकली. शेवटी तिच्या घशातून नुसती हवा यायला लागली.

"आता आपला आवाज अमर झाला," भारद्वाज म्हणाला.

"घसा गेला तेवढा," आत्या म्हणाली. पण ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही.

त्या दिवसापासून पाटी आत्याच्या आवाजात खोकायला लागली. मीटिंग आहे, खॅक्. कुणाचा तरी वाढदिवस आहे, खॅक्. नवी आवृत्ती आली आहे, खॅक् खॅक्. आपण आज किती पावलं चाललात, खॅक् खॅक् खॅक्. पहिले चार दिवस चितळं प्रत्येक खोकल्याला जीव घेऊन पळाली. मग त्यांनी कान टवकारणं ठेवलं, पळणं सोडलं. महिन्याभराने त्यांनी कानही टवकारायचं सोडलं. तोंडातला घास तोंडात ठेवून कोण रोज दहादा दचकणार?

आता सर्वसावध कशी शिकली ते ऐका.

पहिल्या महिन्यात तिने बावीस वेळा वाघाचा इशारा दिला. बावीसही वेळा वाघ होता. बावीसही वेळा पाटीवर वाघाचं नाव आलेलं बघून चितळं पळाली. कोणी मेलं नाही. म्हणून झाडाच्या बुंध्यावर टांगलेल्या मोठ्या फलकावर आकडा आला, अचूकता शून्य.

बळवंतरावांना घाम फुटला. भारद्वाज म्हणाला, "घाबरू नका. शिकतेय."

ती खरंच शिकत होती. तिच्या लक्षात आलं की इशारा लवकर दिला की तो खोटा ठरतो. म्हणून ती वाघ जवळ येईपर्यंत थांबायला लागली. तरी चितळं निसटायची. मग ती वाघ दबा धरेपर्यंत थांबायला लागली. तरी एखाददुसरं निसटायचंच. ती आणखी थांबली. पाटीवर नुसतं यायचं, "पडताळणी चालू आहे."

आणि एके दिवशी पाणवठ्यावर रानडुकरांचे दंताळेआजोबा गेले. वाघोबा त्यांना अर्धे खाऊन झाल्यावर मिशा चाटत होते, तेव्हा सगळ्या पाट्या एकदम वाजल्या. "सावधान! पाणवठ्यावर वाघ आहे."

फलकावर आकडा झळकला. अचूकता शंभर टक्के.

कचेरीत आनंदीआनंद झाला. मोहाची फुलं वाटली. बळवंतरावांनी भाषण केलं. ते म्हणाले, "आजोबा आपल्यात नाहीत याचं दुःख आहेच. पण ते ज्या क्षणी आपल्यात नाहीत झाले, तो क्षण आपण चुकवला नाही."

टाळ्या वाजल्या. आंब्यावर राहणाऱ्यांनी पाटीवर टाळ्यांचं चित्र पाठवलं.

"बळ्या," आत्या बसक्या आवाजात म्हणाली, "अरे, तो मेल्यावर सांगून उपयोग काय?"

"ठमाबाई, आपण आत्ता कामाच्या वेळेत आहोत," बळवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवा नियम आला. शंभर टक्के टिकवायचे होते ना! यापुढे पाटीशिवाय कोणीही खोकायचं नाही. अनधिकृत खोकल्याने अचूकता खाली येते. जो खोकेल त्याचं नाव कचेरीतून कमी होईल आणि त्याने झाडावरची जागा रिकामी करायची. नियमात आत्याचं नाव नव्हतं, पण "बेचकं" हा शब्द दोनदा आला होता.

त्याच दिवशी दुपारी चंपा आली. चंपा म्हणजे कळपातली एक तरुण हरणी. बरोबर तिचं पाडस होतं, चिमी. चिमी वीस दिवसांची होती. तिच्या पाठीवरचे ठिपके अजून कुणी नुकतेच लावल्यासारखे ओले दिसत होते.

"आत्या," चंपा म्हणाली, "उद्या हिला पहिल्यांदा पाण्यावर नेणार. तुम्ही वर असाल ना?"

"मी अनुभव विभागात असते गं आता."

"मग वर कोण असतं?"

"वर कोणी नसतं. खाली सर्वसावध असते."

 चंपाने गळ्यातली पाटी पायाने जराशी बाजूला सारली. चिमीने मात्र पुढे होऊन आत्याच्या लोंबत्या शेपटीचं टोक हुंगलं आणि शिंकली. आत्याने शेपूट वर घेतली नाही. तिला त्या पोरीची माया आली, आणि खरं सांगायचं तर तिला फार भीती वाटली.

"ये तू तिला घेऊन," आत्या म्हणाली. "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. विषय होता, पाणवठ्यावरील सुरक्षिततेची पुढची दिशा. सगळी वानरं खालच्या फांदीवर ओळीने, माना खाली घालून बसली होती. आत्याने आपली पाटी काखेत मारली आणि ती गुपचूप वर गेली. वर्षभरात चढायची सवय मोडली होती. तिला दोनदा थांबावं लागलं. मग ती आपल्या बेचक्यात बसली आणि तिला बरं वाटलं.

खाली कळप आला. चंपा आली. तिच्या मागून चार पाय चार दिशांना टाकत चिमी आली. तिने पाण्यात तोंड घातलं, नाकात पाणी गेलं, ती मागे सरकली, पुन्हा पुढे आली.

आणि करवंदीच्या जाळीमागे गवत हललं. वारा कळपाकडून जाळीकडे वाहत होता, त्यामुळे खाली कुणाला वास नव्हता, आणि गवत मात्र वाऱ्याच्या उलट वाकत होतं.

आत्याने पाटी बघितली. "पडताळणी चालू आहे. कृपया थांबा."

गवतात पिवळा पट्टा दिसला. मग काळा. मग पिवळा. चिमीपासून वीस पावलं.

पडताळणी चालू होती.

आत्याच्या मनात बेचकं आलं. नाही म्हणणार नाही मी. आई आठवली, ऊन आठवलं, या वयात दुसरं झाड कुठे शोधायचं तेही आलं. पण हे सगळं एक जांभई द्यायला लागते तेवढ्या वेळात येऊन गेलं. मग ती तीनदा खोकली.

एकाही चितळाने मान वर केली नाही.

"नवी आवृत्ती आली असेल," एक शिंगाळा नर घास चावत म्हणाला.

आत्या पुन्हा खोकली. आवाज फाटला. चंपाचा एक कान हलला. तिने पाटी बघितली. पाटीवर काही नव्हतं. ती पुन्हा पाणी प्यायला लागली. वाघाने मागचे पाय पोटाखाली घेतले.

आता आत्याजवळ दुसरं काही नव्हतं. काखेत पाटी होती. चपटी, गुळगुळीत, चांगली जड. आत्याने ती दोन्ही हातांनी उचलली आणि चिमीच्या पुढ्यातल्या पाण्यात भिरकावली.

धप्पकन आवाज झाला! पाणी पुरुषभर उडालं. खोकल्याला सरावलेली चितळं या आवाजाला सरावलेली नव्हती. सगळा कळप एका उडीत उधळला. चिमी चंपाच्या पोटाखाली घुसली आणि दोघी टेकडीमागे दिसेनाशा झाल्या. कित्येक महिन्यांत पाटीने दिलेला तेवढा एकच इशारा वेळेवर आला.

वाघोबा झेपावले ते थेट चिखलात. कोपरापर्यंत रुतले. त्यांच्या नाकासमोर पाण्यात बुडालेली पाटी आत्याच्या आवाजात खोकली आणि म्हणाली, "आमची सेवा कशी वाटली? कृपया अभिप्राय द्या."

दुपारी चौकशी बसली.

"आपण खोकलात?" भारद्वाजाने विचारलं.

"खोकले. सहा वेळा."

"पाटी फेकलीत?"

"फेकली. एकदाच. एकच होती."

"कशासाठी?"

"वाघ होता म्हणून!"

"पुरावा?"

"अरे, चिमी जिवंत आहे!" आत्या ओरडली. म्हणजे तिने ओरडायचा प्रयत्न केला.

"तेच तर," भारद्वाज शांतपणे म्हणाला. "पाडस जिवंत आहे, हाच आपल्याविरुद्धचा पुरावा. वाघ असता तर ते मेलं असतं. सर्वसावधने इशारा दिला नाही आणि कोणी मेलं नाही. ती बरोबर ठरली. आपण इशारा दिलात आणि कोणी मेलं नाही. आपण चूक ठरलात."

दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणून वाघोबांनाही विचारलं.

"मी?" वाघोबा म्हणाले. "मी चिखलात लोळायला गेलो होतो. कातडीला बरं असतं."

त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं. आत्याचं म्हणणं मात्र अंदाज या रकान्यात गेलं.

सगळे गेल्यावर बळवंतराव मागे राहिले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "आत्या, तू नुसतं चुकले म्हण. एकदा म्हण. मी सांभाळून घेतो."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. ती चिडली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं.

"बळ्या," ती म्हणाली, "तू एवढासा होतास. याच फांदीवरून पडत होतास. मी तुझी शेपूट धरली. तू पडला नाहीस. म्हणजे तेव्हाही माझी चूकच झाली म्हणायची."

बळवंतरावांनी पाटीत डोळे घातले. पाटीवर काही आलं नव्हतं. तरी ते बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळच्या आत आत्याने बेचकं सोडलं. जाताना तिने त्यावरून एकदा हात फिरवला. ओढ्यापलीकडे एक झरा होता, त्याच्यावर एक अर्जुनाचं जुनं झाड होतं. तिथे रेंज अजिबात नव्हती. आत्या त्याच्या शेंड्यावर जाऊन बसली. बसायला टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर चंपा आली. मागे चिमी. तिसऱ्या दिवशी चंपाची बहीण आली. मग कळपातली एकेक येत गेली. येताना प्रत्येकजण गळ्यातली पाटी करवंदीच्या काट्याला अडकवून यायचा. कोणी भांडलं नाही, तक्रार केली नाही. कचेरीला पत्ता लागला नाही, कारण पाट्या पाणवठ्याजवळच होत्या आणि फलकावर सगळी चितळं जागच्या जागी दिसत होती.

आता पाणवठ्यावर कोणीच येईना. त्यामुळे कोणी मरेना. फलकावर आलं, सलग चाळीस दिवस शिकार शून्य. बळवंतरावांचा सत्कार झाला. भारद्वाज शेजारच्या जंगलात गेला. तिथे तो सगळ्यांना सकाळी सकाळी दिसला, आणि सगळ्यांना फार बरं वाटलं.

फक्त वाघोबांच्या पोटात काही नव्हतं. चाळीस दिवस त्यांनी वाट बघितली. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी सहज मान वर केली. खालच्या फांदीवर, रेंज चांगली होती तिथे, मीटिंग चालू होती. ओळीने शेपट्या लोंबत होत्या.

पडताळणी सुरू झाली.

वाघोबांनी उडी मारली. बळवंतराव वाचले, पण शेपूट गेली. ती धरायला वर कोणी नव्हतं. मग पाटी वाजली. "सावधान! आपल्या खाली वाघ आहे." अचूकता शंभर टक्केच राहिली.

त्या घाईत बळवंतराव थेट शेंड्यावर चढले आणि बेचक्यात जाऊन बसले. तिथून त्यांना सगळं दिसलं. पाणवठा दिसला, जाळी दिसली, काट्यांवर अडकवलेल्या पाट्या दिसल्या. लांबवर अर्जुनाचं झाडही दिसलं आणि त्याच्या शेंड्यावरचा करडा ठिपका दिसला. ते त्या ठिपक्याकडे खूप वेळ बघत होते. पण वर रेंज नव्हती आणि झाल्या प्रकाराचा रिपोर्ट पाठवायचा होता. म्हणून ते खाली आले.

वर्ष गेलं. चिमी मोठी झाली, चंपाच्या खांद्याला लागली. आत्या अजून रोज अर्जुनावर बसत होती. तिचा आवाज काही परत आला नव्हता. पण झऱ्यावर दुसरं काही खोकत नव्हतं, त्यामुळे तेवढा पुरत होता. कधी ती पानाला खोकायची, कधी वाघाला. दोन्ही वेळा कळप पळायचा आणि दोन्ही वेळा परत यायचा.

एके सकाळी चिमी झाडाखाली आली आणि वर मान करून म्हणाली, "आत्या, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही रोज खोकता. मी रोज पळते. पळून पळून पाय दुखतात. पण खरं सांगू का, जन्माला आल्यापासून मी वाघ एकदाही बघितला नाही. माझ्या वयाच्या कुणीच नाही बघितला. सगळी म्हणतात, नसेलच. असतो का हो तो?"

 आत्याला पाणवठा आठवला, पिवळा पट्टा आठवला, आणि नाकात पाणी गेलेलं एवढंसं पाडस आठवलं.

"नसेल बाई," ती म्हणाली. "म्हातारी झाले मी. मला आपला खोकला येतो."

चिमी हसली आणि उड्या मारत चरायला गेली. आत्या पुन्हा गवताकडे बघायला लागली.

तात्पर्य : मुलांनो, कुणाला वाचवायचंच असेल तर थोडं उशिरा वाचवावं. वेळेवर वाचलेल्याला वाघ दिसत नाही, आणि न दिसलेला वाघ कुठल्याच फलकावर चढत नाही.

बास, संपली गोष्ट. मागच्या रांगेतल्या मुलांनो, आता खिशात हात घाला. तुमचं ते बिचारं मघापासून खोकतंय.